वयाचे मस आणि आमचे मामा

माणसाचं तोंड न बघता माणूस ओळखणारा अख्ख्या हैदराबादेत एकच इसम आहे आणि तो माझा सख्खा मामा आहे, हे मी कुठेही छाती फुगवून सांगतो. उभी नोकरी त्यांनी एका दवाखान्याच्या कातडीच्या विभागात मलमपट्टी करणारा ड्रेसर म्हणून केली. आता रिटायर होऊन चिक्कडपल्लीत राहतात, पण नजर अजून ड्युटीवर आहे. लग्नकार्यात लोक हात जोडून त्यांना जयभीम घालतात आणि मामा त्या हातांवरचे डाग तपासून घेतात. नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत. "तो गं, डाव्या कानामागं चामखीळ असलेला," असं ते मामीला सांगतात आणि मामीला तेवढ्यावर माणूस कळतोही.

त्यांच्या खिशात पेनाच्या जागी भिंग असतं. मानेवरचे मऊ लोंबते मणी काय, किंवा मेणाचा थेंब चिकटून राहावा तसे गालावरचे काळपट, खरबरीत मस काय, त्यांच्या लेखी ही सगळी पिकल्या केसांची भावंडं. "केस पिकले तर मेंदी लावता, कातडी पिकली तर रडता कायकू?" हा त्यांचा लाडका सवाल. चामखिळीला घोड्याच्या शेपटीचा केस बांधणारे आणि चुना-सोडा फासणारे त्यांचे हाडवैरी. अफझलगंजला एका म्हाताऱ्या किराणावाल्याच्या मानेवर असा केस करकचून बांधलेला दिसला, तेव्हा जिरं घ्यायचं सोडून मामांनी त्याला त्याच्याच दुकानात अर्धा तास झापलं. "सेठ, नक्को ये सब! डाक्टर दो मिनट में निकाल देते. नहीं निकाले तो बी रहने दो, तुम्हारा क्या खा रहा वो?" सेठने केस सोडला आणि वर मूठभर विलायची दिली. मामांनी स्वतः मात्र कधी कुणावर इलाज केला नाही. डाग भराभर वाढला, रंग बदलला, रक्त आलं, की ते गप्पा बंद करून त्या माणसाला हाताला धरून डॉक्टरकडे नेतात.

गेल्या वर्षी माझ्या आईच्या, म्हणजे मामांच्या धाकट्या बहिणीच्या, सुमनच्या, पाठीवर रुपयाएवढा काळा डाग उठला. तिने तो चार महिने लपवला. एका सकाळी ती माझ्या बायकोला "ही इरकल तू ठेव, ती तुझ्या नणंदेला दे," असं सांगायला लागली, तेव्हा बिंग फुटलं. मामांना बोलावलं. चालत्या बसमधून फुटपाथवरच्या माणसाचा मस ओळखणाऱ्या मामांनी भिंग लावून कितीतरी वेळ बघितलं आणि भिंग खिशात ठेवलं. "उद्या डाक्टरला दाखवू," एवढंच म्हणाले. आईचा चेहरा उतरला. त्या दिवशी घरात कुणी धड जेवलं नाही.

दुसऱ्या दिवशी जामबागच्या डॉक्टरीणबाईंनी दिव्याच्या भिंगातून पाहिलं आणि मिनिटभरात सांगून टाकलं, की हा वयाचा मस आहे, कॅन्सर नाही. ब्लाउजला घासून टोचत असेल तर गोठवून काढू, नाहीतर राहू द्या. आई आधी हसली आणि मग हमसून रडली.

बाहेर बाकावर बसलेल्या मामांना मी जरा रागानेच विचारलं, "मामा, तुम्हाला एवढं ओळखता नाही आलं?"

"आलं की. पहिल्या नजरेत आलं."

"मग बोलला का नाहीत? आई रात्रभर जागी होती."

"मी बी जागाच होतो," मामा म्हणाले. "लोकांचं बघताना जे आहे ते दिसतंय रे मला. सुमनचं बघताना ते चांगलंच निघावं असं वाटायलं होतं. असल्या डोळ्याचा काय भरोसा?"

माझा राग कुठल्या कुठे गेला. इतका अभिमान मला कुणाचा कधी वाटला नव्हता आणि त्यांच्यासाठी इतकं वाईटही कधी वाटलं नव्हतं. तेवढ्यात आई पदर सावरत बाहेर आली. मामा उठले आणि त्यांनी सगळ्यांदेखत तिच्या पाठीवरून, डाग टाळून, हळूच हात फिरवला.