शेवटच्याला आणायला

ह्यांना हृदयाच्या ऑपरेशनला आत नेलं आणि मी गणपतीला बोलून बसले, ‘ह्यांना बरं कर, ह्यांची धावायची राहिलेली अर्धी मॅरेथॉन मी धावेन.’ उभ्या जन्मात बससाठीसुद्धा न धावलेली बाई मी! हे घरी आले आणि नवस ऐकून टाके दुखेपर्यंत हसले. म्हणाले, “अगं, एकवीस मोदकांवर भागलं असतं!” मीही हसले. पण नवस राहिला तर ह्यांच्या जिवावर बेतेल, ही भीती मात्र मनातून जाईना.

शांती नगरातून पहाटे धावायला निघणाऱ्या ह्यांच्याच गटात मी जाऊ लागले. किती सुंदर पहाटा होत्या त्या! बंद दुकानं, दूधवाल्यांच्या सायकली आणि पावलांच्या तालावर माझं नामस्मरण. गटाचा एक रिवाज होता. काशीगावच्या चहाच्या टपरीशी पोहोचलेल्यांनी चहा घेण्याआधी मागे फिरायचं आणि शेवटच्याला घेऊन यायचं. शेवटची बहुधा मीच. मला आणायला यायच्या त्या सिल्व्हर पार्कच्या फरीदाआपा, निवृत्त शिक्षिका.

शर्यत तोंडावर आली आणि नेमकी सरावाच्या रविवारी संकष्टी. देवाला आणखी खूश करायला मी उपवास निर्जळी धरला आणि ‘उपवास आहे, आज येत नाही’ असं गटाला कळवलं. मग चैन पडेना, म्हणून उशिरा एकटीच निघाले. हायवेच्या अलीकडे डोळ्यांपुढे अंधारी आली. एका बंद दुकानाच्या पायरीवर बसले. मी येतेय हे कुणालाच ठाऊक नव्हतं, म्हणजे आणायलाही कुणी येणार नव्हतं. रडू फुटलं. म्हटलं, बाप्पा, माझ्याच्यानं होत नाही. आता तूच बघ.

थोड्या वेळानं समोरून पावलं वाजली. फरीदाआपा!

“आप कैसे? मैंने तो मना किया था,” मी म्हणाले.

“पता नहीं. चाय हाथ में ली, और लगा पीछे कोई रह गया है.” त्यांनी कमरेच्या पिशवीतून खजूर काढले, पाण्याची बाटली पुढे केली. “खजूर तो तुम्हारे उपवास में चलता है ना? खाओ. ऊपरवाले ने भूखा रहने को बोला है, जान देने को नहीं.”

मी खाल्लं. त्या का वळल्या, हे मी त्यांना पुन्हा विचारलं नाही.

शर्यतीतही मी जवळजवळ शेवटचीच होते. अखेरच्या वळणावर पाय उचलेनात, तेवढ्यात पदकं घातलेला आमचा गट समोरून परत येताना दिसला आणि त्यांच्यात हे! धावायला बंदी, म्हणून चालत आले होते. बाजूला येऊन म्हणाले, “अगं हळू, मला दम लागतोय.” मी ह्यांच्या पावलाला पाऊल जुळवलं. ह्यांच्या वाट्याची धाव फेडायला निघाले होते मी, आणि बाप्पानं शेवटची रेषा ह्यांनाच ओलांडायला लावली. मी तिथेच ह्यांचा हात धरून रडले.

आता फरीदाआपा लेकीकडे राहायला गेल्या. गटही पांगला. आम्ही दोघं रविवारी चालत टपरीपर्यंत जातो. आपण हात टेकले की बाप्पा कुणाला तरी मागे वळवतो, एवढंच मला कळलंय. म्हणून चहा घेण्याआधी मी थोडी मागे जाऊन बघून येते. बहुतेकदा कुणी नसतं. हे कुरकुरतात, चहा निवतो, तरी मी जाते.