मधलं दार

वर्ध्याच्या बाजाराला लागून आमचा जुना मोहल्ला होता. तिथे दोन घरांत भिंत एकच असायची. आमच्या पुढच्या खोलीतल्या भिंतीत शेजारच्या काकूच्या घरात उघडणारं एक दार होतं, आणि त्याला कडीच नव्हती. काकू वाटेल तेव्हा यायची, चुलीवरचा चहा स्वतःच गिलासात ओतून घ्यायची आणि जाताना गिलास मोरीत विसळून ठेवायची.

सत्तरचं दशक सरत आलं, तसा बाजार आमच्या उंबऱ्यापर्यंत येऊन ठेपला. बाबांनी पुढची खोली कापडाच्या दुकानाला दिली. दुकानदाराला फळ्या ठोकायला सलग भिंत हवी होती. आई आणि काकू चतुर्थीला केळझरच्या गणपतीला गेल्या, नेमका तोच दिवस बाबांनी साधला. संध्याकाळी काकूची राहिलेली पिशवी द्यायला आई दाराकडे गेली, तर समोर ओल्या सिमेंटची भिंत.

"हे काऊन बुजवलं जी? मले विचारलं काऊन नाई?" आईनं बाबांना विचारलं.

"काकू येईल रस्त्यानं. चार पावलं त हायेत," बाबा म्हणाले.

चार पावलं! त्या शब्दांनी आजही माझं डोकं भणभणतं.

दुसऱ्या दिवशी काकू रस्त्यानं वळसा घालून आली आणि तिनं आमच्या बाहेरच्या दाराची कडी वाजवली. कडी वाजली म्हणून आई गडबडली. तिनं खुर्ची पुढे केली आणि कपाटातली पाहुण्यांची कपबशी काढली. काकूनं चहा घेतला. मग उष्टी कपबशी तशीच स्टुलावर ठेवून ती निघून गेली.