घमेल्यातली चंद्राची काच

"शेषराव, मूस रिकामी कशी?"

"साफ केली ना साहेब. लोखंड न्हाईच निघालं तिच्यात. नुस्ता स्लॅग व्हता, काढून टाकला."

मी कपाळाला हात लावला. शेजारी उभ्या वैशाली मॅडमचा चेहरा उतरला. शेषरावनं मुशीतून, म्हणजे वितळवायच्या भांड्यातून, जे काढून टाकलं होतं, तेच आम्हाला हवं होतं.

जालन्याच्या एमआयडीसीतल्या एका स्टील कारखान्यात मी फर्नेस इनचार्ज होतो. आम्ही भंगार वितळवायचो, त्याच्या सळया व्हायच्या. वितळलेल्या लोखंडावर माती-दगडाची साय येते, तिला स्लॅग म्हणतात. दिसला स्लॅग की ओढून काढ, ही भट्टीवरची पहिली शिकवण. आष्टीचा शेषराव पंचवीस वर्षं तेच करत होता, आणि डोळे झाकून करायचा.

मॅडम इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या, बदनापूरहून येऊन-जाऊन. चंद्रावर घर कशाचं बांधायचं, हा त्यांचा विषय. शेठ ऐकून पोट धरून हसले, पण टेस्टिंगची छोटी भट्टी त्यांनी एका दिवसासाठी दिली.

मॅडमचं म्हणणं सरळ होतं. सिमेंटला पाणी लागतं, ते तिथं सहज मिळायचं नाही. इथून विटा नेणं कुणाला परवडणार? मग तिथलीच माती वितळवायची आणि तिच्या काचेच्या भिंती, काचेच्या तुळया करायच्या.

"काचेच्या? मॅडम, एक दगड बसला की खलास!"

"काचेला कमजोर करतो तो हवेतला ओलावा, सर. तिथं हवाच नाही. तिथली काच तुमच्या स्टीलला भारी पडेल, असा काही जणांचा अंदाज आहे."

स्टीलवाल्याला याचा राग यायला हवा. मला आला नाही. माझ्या रिटायरमेंटला तीन महिने राहिले होते. तीस वर्षांत मी केलेली प्रत्येक सळई कुणाच्या ना कुणाच्या स्लॅबमध्ये गाडली गेली होती. लोकांना घर दिसतं, सळई दिसत नाही. दिसली तर घर पडायला आलंय असं समजायचं. ज्यातून उजेड येईल असं काहीतरी एकदा तरी आपल्या हातून व्हावं, असं मला फार वाटायचं. बोलून कुणाला दाखवणार?

चंद्रावरचे काळे डाग म्हणजे आपल्याच काळ्या दगडाचे भाऊबंद, असं मॅडम म्हणाल्या. म्हणून क्रशरवरून काळ्या दगडाची पूड आणली. ती दोनदा वितळवण्यापुरतीच होती. संशोधनाच्या पैशांसाठी मॅडमनी केलेल्या प्रपोजलसोबत दुसऱ्या दिवशी तडा नसलेला एक नमुना जायला हवा होता. नाहीतर प्रपोजल बाद.

पहिला घाणा मी स्वतः साच्यात ओतला आणि सवयीनं साचा लगेच उघडला. टक् आवाज झाला आणि तीन तुकडे. काच बाहेरून आधी निवते, आतून मागाहून, आणि त्या ओढाताणीत फुटते. लोखंडाची घाई मी काचेला केली होती. दुसरा घाणा मुशीत ठेवून आम्ही केबिनमध्ये, काच हळू कशी निववायची यावर वाद घालत बसलो. तेवढ्यात शेषरावनं इमानेइतबारे मूस साफ केली.

"टाकलं कुठं?" मी ओरडलो.

"घमेल्यात घेतलं अन् घमेल्यासकट स्लॅगच्या ढिगात सारलं. वरून राख टाकली. गरम माल वाटंत ठिवून कुणाचा पाय भाजू का?"

"काढ ते आधी!"

"आत्ता? बिलकुल न्हाई. ढीग लाल हाय. सकाळपर्यंत थांबा."

पूड संपली होती, भट्टीचा दिवसही संपला होता. मॅडम स्टेशनकडे गेल्या. मी घरी जेवलो नाही.

सकाळी तिघांनी मिळून ढीग उकरला. राख कोमट होती. शेषरावनं घमेलं पालथं करून बुडावर हळूच थाप मारली. भाकरीएवढी काळी चकती निघाली. मध्ये थोडी दगडासारखी, कडेला चकचकीत. मॅडमनी चारी बाजूंनी बोट फिरवलं. कुठंच तडा नव्हता. जी निववण आम्हाला वाद घालून सापडली नव्हती, ती त्या ढिगानं रातोरात करून दिली होती.

शेषरावनं चकती उन्हात धरली. पातळ कडेतून मधाच्या रंगाचा उजेड त्याच्या मनगटावर पडला.

"आयला साहेब, स्लॅगमधून ऊन येऊन राह्यलं!"

मी तीस वर्षं वाट पाहिलेली गोष्ट समोर होती, आणि ती मी केलेलीच नव्हती.

प्रपोजल पास झालं. पुढचं काम मोठ्या शहरातल्या लॅबमध्ये गेलं, चकतीही तिकडेच गेली. तिथं आमच्यासारख्यांची गरज नव्हती. मी रिटायर झालो. माझा फुटलेला तुकडा खिडकीत ठेवलाय, पण तो जाड आहे. त्यातून काही दिसत नाही.

यातून शिकायचं एवढंच, की तापवणं कुणालाही जमतं, निववायला शेषराव लागतो. परवा त्याचा फोन आला होता. "साहेब, चांदावर स्लॅग काढायला माणूस लागंन का?"

"लागेल. पण नंबर लावून ये, आधी मी उभा आहे."