कपाटातला टॅब

चौथीतल्या सानिकावर अन्याय झाला तो मंगळवारी, तिसऱ्या तासाला. तिला बोलता येत नाही. चित्राला बोट लावलं की तिच्या वतीने बोलणारा टॅब तिच्यासाठीच शाळेत आलाय. पण तो ऑफिसच्या कपाटात होता आणि तिला लघवीला जायचं होतं. ओला स्कर्ट बघून बाई म्हणाल्या, "अगं, आधी सांगायचं नाही का?"

दुसऱ्या दिवशी तिच्या आईबरोबर मीही, त्यांची शेजारीण, शाळेत गेले. कपाटाच्या काचेआड टॅब दिसला. वरचं प्लास्टिक तसंच, त्यावर दसऱ्याचं हळदकुंकू आणि वाळलेला झेंडू.

"पोरं फोडतात हो," मुख्याध्यापक म्हणाले. "तपासणीला साहेब आले की काढतो ना!"

काय ही भक्ती! ज्याने बोलायचं त्याचीच पूजा करून त्याला गप्प बसवलं. आपल्याला वस्तू ओवाळता येते, वापरू देता येत नाही. फुटलेला टॅब आपल्याला दिसतो; रोज वर्गात गप्प बसलेली पोर दिसत नाही.

आम्ही वाद घालत होतो, तेवढ्यात सानिका कपाटाच्या काचेवर बोट टेकवून उभी राहिली. पुन्हा पुन्हा दाबत राहिली. काच बोलली नाही.

उद्या तुमच्या गावच्या शाळेत जा; तिथेही असा टॅब कपाटात पडला असेल. कपाटाची किल्ली मागा आणि टॅब मुलांच्या हातात पडेपर्यंत तिथून हलू नका.