तिच्या तोंडचे शब्द

समोरचा माणूस बोलायला लागला, की ते टाक बाजूला ठेवत. लिहीत नसत, नुसते ऐकत. त्याचे सगळे बोलून झाले की म्हणत, "हं. हवे फरी बोलो. तमारा ज शब्दोमां." मग कुठे टाक दौतीत बुडे, आणि त्या माणसाला सगळे पुन्हा, स्वतःच्याच शब्दांत, सांगावे लागे.

बडोद्याच्या ज्या कचेरीत मी बाविसाव्या वर्षी चिकटलो, तिथे ते जबान्या उतरवून घेत. आम्ही सगळे त्यांना काका म्हणायचो. कचेऱ्यांची पायरी चढलेल्या तुम्हा वाचकांना ठाऊक असेल, की जबानी देणारा तासभर ओरडला तरी कारकुनाच्या कागदावर तीन ओळी उतरतात. 'शिवीगाळ केली', 'अपशब्द वापरले', 'गैरवर्तन केले'. या तीन वाक्यांवर माझ्यासारख्या कारकुनांचा सगळा संसार चालतो. काकांचा चालत नसे.

एकदा एका सासू-सुनेची तक्रार आली. सासूने सुनेला काय काय सुनावले, ते काकांनी चार ताव भरून उतरवले. साहेबांनी कपाळाला हात लावला.

"अहो काका, 'सासूने अपशब्द वापरले' एवढ्यावर भागलं असतं!"

"साहेब, कोणते अपशब्द ते कळल्याशिवाय सून माहेरी का गेली ते कसं कळणार?"

साहेबांनी कुरकुरत चारही ताव वाचले. दुसऱ्या तावाला ते हसले, तिसऱ्याला गप्प झाले. सुनेला वेगळे बिऱ्हाड मिळाले.

रावपुऱ्यातल्या त्यांच्या दोन खोल्यांत मी पुष्कळदा जेवलो आहे. काकू सांगायच्या, "यांच्याजवळ निरोप देणं म्हणजे फजिती. मी आपलं म्हटलं, शेजारच्या वहिनींना सांगा, कढी छान झाली होती, जरा पातळ होती इतकंच. तर हे 'जरा पातळ'ला मी नाक कसं मुरडलं, तेसुद्धा करून दाखवून आले!" काका मान खाली घालून भात कालवत आणि म्हणत, "मुरडलं होतंस ना?"

आता मला जे सांगायचे आहे, ते सांगतो.

एका गावाहून एक बाई तिच्या मुलीला घेऊन आली. मेलेली ढोरे ओढणाऱ्यांच्या वस्तीतली. मुलगी नऊ-दहा वर्षांची. शिक्षण सक्तीचे होते आणि गावात त्यांच्यासाठी वेगळी शाळा नव्हती, म्हणून ती सर्वांच्याच शाळेत, ओसरीवर बसे. मास्तरांनी तिचे नाव पटावरून काढले होते. ते परत घालावे, एवढेच बाईचे मागणे होते.

काकांनी टाक बाजूला ठेवला. बाई घाबरत बोलली. "हवे फरी बोलो, बेन."

मास्तर सगळ्या वर्गासमोर काय म्हणाले, ते तिने पुन्हा सांगितले. काकांनी ते गुजरातीतच लिहिले. मी इथे मराठीत देतो, पण काही गाळत नाही: "ही शिकली तर मेलेलं ढोर कोण ओढणार, तुझा बाप? तो तर ओढतोच. उद्या मी मेलो की मलाही ओढाल." असे म्हणून मास्तरांनी तिची पाटी काठीने ओसरीखाली ढकलली होती.

काकांनी सगळे वाचून दाखवले. बाईने मान हलवली आणि अंगठा उठवला.

मास्तर साहेबांच्या ओळखीतले होते. वर पाठवायची स्वच्छ प्रत लिहायचे काम साहेबांनी काकांना न देता मला दिले. "हे असलं वर पाठवायचं? तेवढं काढ. 'अनुचित शब्द वापरले' असं घाल." माझी नोकरी त्या महिन्यात कायम व्हायची होती. साहेबांनी तसे बोलून दाखवले नाही, पण मला ते न बोलताही ऐकू आले. मी प्रत लिहिली. माझे अक्षर फार सुरेख होते.

आमच्याकडे प्रत निघण्याआधी रुजवात होई. एकाने मूळ कागद मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने प्रतीवर बोट फिरवत जायचे, आणि शेवटी दोघांनी 'रुजू' म्हणून सही करायची. मी मूळ कागद हातात घेतला. त्या वाक्यापाशी आलो आणि कागदावर नसलेलेच वाचले, "मास्तरांनी अनुचित शब्द वापरले."

काकांचे बोट थांबले. "हे तिने म्हटलेलं नाही."

"अर्थ तोच आहे, काका."

"तोच? मग जा, त्या पोरीला सांग, तुला मास्तर अनुचित बोलले. बघ तिला ओळखू येतं का." ते उठले. "तिला ते भर वर्गात ऐकावं लागलं. वरच्यांना खुर्चीत बसून वाचवत नाही होय? मी सही करणार नाही."

दुसऱ्या कारकुनाने न वाचताच केली. काकांची बदली मागच्या दप्तरखान्यात झाली. मी कायम झालो.

वरून मास्तरांना विचारणा झाली. त्यांनी उत्तर दिले, की मुलगी गैरहजर राहते म्हणून तिला आळशी म्हटले, तोच अनुचित शब्द. तक्रार दप्तरी दाखल झाली. दाखल म्हणजे पुरली.

काही आठवड्यांनी बाई पुन्हा आली. तिला तिच्या जबानीची नक्कल हवी होती. माझ्या प्रतीवरून ती मीच दिली. कचेरीच्या व्हरांड्यात पक्षकार, वकील, गावकरी अशी गर्दी होती. बाईने कागद मुलीच्या हातात दिला. मुलगी एकेका अक्षरावर बोट ठेवत वाचत गेली. संपले तशी म्हणाली, "मा, आमां तो ए नथी." यात ते नाहीच.

बाईने माझ्याकडे पाहिले. "भाई, मारुं बोलेलुं क्यां गयुं?"

तिचे बोललेले कुठे गेले, ते मला पक्के माहीत होते.

दप्तरखान्याचे दार व्हरांड्यातच उघडत असे. काका आत गेले, कापडी रुमालात बांधलेले एक दप्तर घेऊन आले, आणि सगळ्यांसमोर त्याची गाठ सोडली. मूळ कागद काढून त्यांनी मुलीपुढे धरला. "ले, दीकरी. आ वांच. मोटेथी."

ती मोठ्याने वाचू लागली. त्या वाक्यापाशी ती थांबली. तिने आईकडे बघितले. आई म्हणाली, "वांच."

तिने वाचले. पहिल्यापासून शेवटपर्यंत, ढोर, बाप आणि पाटीसकट. व्हरांड्यात कोणी खोकलेसुद्धा नाही.

साहेब बाहेर आले. "काय चाललंय हे? बंद करा!"

काका कागद धरून तसेच उभे. "वाचते आहे, साहेब. सगळ्या मुलींनी वाचायला शिकावं असा सरकारचा हुकूम आहे. ती शिकली."

इतक्या लोकांनी ऐकल्यावर ते पुरून ठेवणे कुणाला जमणार? महिन्याच्या आत मुलीचे नाव पटावर परत चढले. मास्तर दुसऱ्या गावी गेले.

पण मूळ कागद परवानगीशिवाय बाहेर काढल्याबद्दल काकांची चौकशी लागली. त्यांचे म्हणणे साधे होते. नक्कल खोटी होती, म्हणून मूळ कागद दाखवावा लागला. कचेरीतला, दोन्ही कागद वाचलेला साक्षीदार एकच होता, मी. मुलीने जे वाचले ते माझ्या प्रतीत नव्हते, एवढे मी बोललो असतो तर बहुधा निभावले असते.

साहेबांनी विचारले, "मुलीने काय वाचले?"

मी सांगितले, "गलबल्यात मला नीट ऐकू आले नाही."

कसला गलबला! टाचणी पडली असती तरी ऐकू आली असती. मी तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. आज माझा मुलगा त्या वयाला येऊ लागला आहे, आणि हे मी त्याला अजून सांगितलेले नाही.

काकांच्या जागी आलेल्या नव्या कारकुनाने माझे म्हणणे उतरवले. ज्याची चौकशी आहे त्याने साक्ष वाचून सही करायची, असा रिवाज. कागद काकांपुढे आला. त्यांनी चष्मा लावला, वाचले, पुन्हा वाचले. या सहीबरोबर नोकरी जाणार, हे खोलीतल्या प्रत्येकाला कळत होते. साहेबांनाही वाटत असावे, की आता हे कागद भिरकावतील.

काकांनी नव्या कारकुनाला विचारले, "शब्द याचेच ना?"

"हो, काका. जसं बोलले तसं."

"सहा शब्द आहेत. एकही गाळला नाहीस. शाब्बास." आणि त्यांनी सही केली.

आता ते मला काहीतरी बोलतील, म्हणून मी दाराशी वाट पाहत उभा होतो. शिवी दिली असती तरी मी ती जन्मभर जपली असती. त्यांनी टीपकागदाने शाई टिपली, टाक पुसून नव्या कारकुनाच्या हातात दिला, बाहेर येऊन वहाणा घातल्या, आणि माझ्या अंगावरून पुढे निघून गेले.