दुसरी किल्ली

अमरावतीहून अकोल्याला बदली झाली तेव्हा मी मनातल्या मनात पेढे वाटले. त्याचं कारण नोकरी नव्हती, शेजारच्या काकू होत्या. आमच्या घरांची भिंत एकच. मी भाजी कोणती केली, ऑफिसातून यायला उशीर का झाला, दारात कोणाची गाडी उभी होती, सगळं त्यांना लागायचं. एकट्या बाईने उत्तरं तरी किती द्यायची? अकोल्याच्या फ्लॅटवर सामान लावायलाही त्या हट्टाने आल्या आणि सामान राहिलं बाजूला, समोरच्या वहिनींच्या स्वयंपाकघरात बसून त्यांचा फोन नंबर घेऊन आल्या. मी चिडले. त्या गेल्यावर फ्लॅटची दुसरी किल्ली सापडेना, तेव्हा तर त्यांच्या नावाने बोटं मोडली.

मग मी दार लावून घेतलं ते घेतलंच. वहिनी सुरुवातीला वाटीत काहीबाही घेऊन यायच्या. मी वाटी दारातूनच घ्यायचे आणि दारातूनच परत करायचे. हळूहळू त्या यायच्या थांबल्या. मला बरंच वाटलं.

मे महिन्यातल्या एका रविवारी दुपारी बेडरूममध्ये आडवी झाले होते. कूलरच्या वाऱ्याने दार आपटलं. उघडायला गेले तर हँडल हातात आलं. खिडकी एकच, ती कूलरने पुरती अडवलेली. कूलर बंद करून हाका मारल्या, भिंतीवर ठोकलं. पण आमच्याकडे उन्हाळ्याच्या दुपारी घराघरात कूलर घरघरत असतात, कोणाला कोणाचं ऐकू येत नाही. कूलर पुन्हा लावला तर त्यातलं पाणी संपलेलं, नुसत्या झळा. प्यायचं पाणी हॉलमध्ये.

फोन जवळ होता. घरमालक पुण्याला, तो उचलेना. मग नंबर चाळत बसले. साहेब, गॅसवाला, पाण्याच्या कॅनवाला. घामाने भिजलेल्या गाऊनमध्ये रडकुंडीला आलेली मी ज्याला दिसले तरी चालेल, असं त्यात एकही माणूस नव्हतं. भीती वाटत होती, आणि भीतीपेक्षा लाज. शेवटी अमरावतीला फोन लावला.

"पंखा चालू हाये ना?" काकूंनी एवढंच विचारलं आणि फोन ठेवला.

थोड्या वेळात बाहेरच्या दाराचं कुलूप फिरल्याचा आवाज आला. बेडरूमचं दार बाहेरून सहज उघडलं. समोर वहिनी, आणि त्यांच्या हातात माझी हरवलेली किल्ली. काकू सामान लावायला आल्या त्याच दिवशी त्यांनी ती वहिनींकडे देऊन ठेवली होती, मला न विचारता. आधी रागच आला, खोटं कशाला बोलू. मग पाणी प्यायले.

"ठोकल्याचा आवाज आला होता मले," वहिनी खाली बघत म्हणाल्या. "किल्ली घेऊन तुमच्या दारापर्यंत आली बी होती. पण तुमाले कोणी आलेलं आवडत नाही, म्हणून वापस गेली."

मला त्यांच्यासमोरच रडू आलं. त्यांनी किल्ली टेबलावर ठेवली. मी ती उचलून परत त्यांच्या हातात दिली.

आता सुट्टीच्या दुपारी त्या स्वतःच कुलूप उघडून आत येतात, माझी झोपमोड करतात, भाजी कोणती केली विचारतात. संध्याकाळपर्यंत ते सगळं अमरावतीला पोचलेलं असतं. यातून सुटका नाही आणि मी अजूनही वैतागते. पण एखाद्या दुपारी त्या आल्या नाहीत, तर तसल्या उकाड्यात मी कूलर बंद करते आणि कुलूप वाजतंय का ते ऐकत पडून राहते.