डॉक्टर म्हणाल्या, वेळ लागेल

सुताराची पोरगी अकरा वर्षांची. एका जागी बसणं तिला ठाऊकच नव्हतं, म्हणून घरात सगळे तिला भिंगरी म्हणत. घराखालच्या कारखान्यात बाप फळी मोजायचा आणि ही जिन्यावरूनच सांगायची, "बाबा, सहा तुकडे निघतील. वर वीतभर उरेल." कधी चुकायची नाही.

शाळेत पळताना एका मुलीच्या डोक्यावर तिचं डोकं आपटलं. शुद्धसुद्धा गेली नाही. दवाखान्यात डोक्याचा फोटो काढला, तो स्वच्छ आला. "मेंदूला हादरा बसलाय. महिन्याभरात बरी होईल," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. सुताराच्या जिवात जीव आला.

महिना गेला, दुसराही गेला. डोकेदुखी हटेना, शाळा बुडतच राहिली. उजेड डोळ्यांना टोचायचा. चार ओळी वाचेपर्यंत पहिली विसरायची. खाली करवतीचं मशीन सुरू झालं की पोर कान दाबून भिंतीकडे वळायची. सुताराने मशीन बंद ठेवलं, नुसतं पॉलिशचं काम घेतलं. तर त्या वासाने तिला मळमळू लागलं.

शाळेतल्या बाई घरी येऊन तिला बघून गेल्या. जाताना म्हणाल्या, "दिसायला तर ठणठणीत आहे. अभ्यास तर टाळत नाही ना?"

ते त्याच्या मनात घर करून बसलं. एके दिवशी त्याने तिच्यापुढे वही टाकली. "सतरा चोक किती? एवढंच सांग."

तिचे ओठ हलले. उत्तर येईना.

"नाटकं पुरे झाली!" तो ओरडला.

तिने कान झाकले. मग हळूच म्हणाली, "बाबा, आकडे दिसतात. धरायला गेलं की निसटतात. मी मुद्दाम नाही करत."

सुताराला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुसऱ्याच दिवशी तो दवाखान्यात गेला.

"फोटोत काहीच नाही म्हणता, मग बिघडलंय कुठे?"

"फोटोत दिसत नाही, म्हणून दुखणं खोटं नसतं. काही मुलांना जास्त वेळ लागतो."

"किती?"

"ते मला सांगता येणार नाही. रोज तासभर शाळेत पाठवा. त्रास वाढला की थांबवा."

आता तो रोज शाळेच्या पायऱ्यांवर बसून राहतो. काल ती चाळीस मिनिटं टिकली, तेव्हा तो हरखला होता. आज पंधराव्या मिनिटालाच बाहेर आली, चेहरा पांढराफटक.

त्याने दप्तर घेतलं, तिच्या डोळ्यांवर आपल्या हाताची सावली धरली.

"बाबा, उद्या जमेल का?" तिने विचारलं.

हाताची सावली तशीच धरून तो तिच्याबरोबर एकेक पायरी उतरू लागला.